पाठमोरी उडी

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि आजही नाही. आमच्या बांधावरची चिंच झपाटलेली आहे असं सगळं गाव म्हणायचं. मी तिच्याखाली भर उन्हात झोपलेली आहे, तिच्या चिंचाही खाल्ल्या आहेत. अंगात आलेल्या बाईला पाणी नेऊन देताना ती एका डोळ्याने तांब्या कुठे आहे ते बघते, हेही मी पाहिलेलं आहे. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी म्हणू नये... वाचणार तरी कोण म्हणा! चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे कागदावर. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरेल. मासिकांतून लोक असे अनुभव लिहितात ते मी वाचते. त्यात नेहमी कुणीतरी मेलेलं असतं नाहीतर रडत असतं. माझ्या अनुभवात कुणी मेलं नाही. उलट आम्ही बाया इतक्या हसलो की दुसऱ्या दिवशी दळताना पोट दुखत होतं. पण जे झालं त्याचा उलगडा मात्र झालेला नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बदनापूर स्टेशनावर उतरलं की उत्तरेला एक गाडीवाट जाते. ती ओढा ओलांडून जिथे वर चढते तिथे आमचं गाव. माझं लग्न लहानपणीच झालं, नांदायला मात्र उशिरा आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामंजी, आमच्याकडची तीच रीत. यांचं नाव तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी... नामदेव. घरात नाम्या.

यांना एकच गोष्ट मनापासून यायची. उडी मारणं. आमच्या विहिरीवर मोटेच्या चाकासाठी आडवं लाकूड आहे. इतर पोरं काठावरून उडी मारायची, हे त्या लाकडावर चढून मारायचे. मळणीच्या वेळी कडब्याच्या गंजीवरून, घराच्या धाब्यावरून, पळत्या बैलगाडीतून... मामंजी मारून मारून थकले. शेवटी हे जालन्याला एका घोडेवाल्याकडे राहिले. तो मुंबईच्या पिक्चर कंपनीला घोडे पुरवायचा. घोड्यांबरोबर हेही मुंबईला गेले. तिथे एकदा हीरोला गच्चीवरून गवतावर उडी मारायची होती आणि तो काही केल्या मारेना. हे घोड्याला धरून उभे होते. म्हणाले, मी मारू का? मारली. तेव्हापासून हीरोचे कपडे घालून पडायचं, धडपडायचं, जिन्यावरून गडगडत यायचं, पळत्या घोड्यावरून लोळायचं, हे यांचं काम झालं. एकदा तर हिरॉइनचं लुगडं नेसून पुरात उडी घेतली. स्टंट म्हणतात त्याला. कंपनीत यांना सगळे 'उडीवाला' म्हणायचे.

हे सगळं ते दिवाळीला घरी आले तेव्हा ओसरीवर बसून सांगत होते. मी दाराआड. मामंजी सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हंजे मुंबईला जाऊन तू उड्या मारून राह्यला?"

"हौ."

"उड्या तर तू हितं बी मारत व्हतास. त्याच्यासाठी रेल्वेचा खर्चा कशाला केला?"

आत्याबाई चुलीपाशी हसल्या. मी पदर तोंडात कोंबला.

"आन् पिक्चरमधी तोंड दिसतं का तुझं?"

"न्हाई बा. पाठ दिसती. तोंड हीरोचं."

"पडणार तू आन् तोंड त्याचं?"

"बराबर."

मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला. हे मला मुंबईला न्यायचं विचारायला आले होते. खोली बघून ठेवली होती. ते मी दाराआडून ऐकलं आणि माझ्या हातातलं पीठ सांडलं. पण मामंजी म्हणाले, "जो माणूस आपलं तोंड दाखवू शकत न्हाई, त्याचा धंदा मला समजत न्हाई. तिथं मी सून धाडत नसतो. ज्या दिवशी मला पिक्चरमधी तुझं तोंड दिसंल, त्या दिवशी घेऊन जा. मी सोताहून गाडी जुंपीन."

यांनी बापाशी कधी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "अगं, तोंड दिसलं तर मला कामावरून काढतील. माझं कामच मुळी तोंड न दाखवायचं हाय." मग म्हणाले, "आता एक पिक्चर येईल. त्याच्यात पुलावरून रेल्वे जाती आन् डब्याच्या टपावरून एक माणूस खाली नदीत उडी घेतो. तो मीच. बघ जमलं तर." आणि गेले.

म्हणजे तोंड दिसेपर्यंत माझं जाणं नाही, आणि तोंड दिसलं तर यांची नोकरी नाही. मी शेण थापत बसले. दुसरं काय करणार.

शेजारच्या कोंडाबाई रोज विचारायच्या, "काय गं, कवा जायचं मुंबईला?" आणि मग आत्याबाईंना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पिक्चरमधी कशाचं काम! भांडी घासून राह्यला असंल हॉटेलात." आत्याबाई म्हणायच्या, "घासू दे की. तुझ्या दादल्याला तर ते बी येत न्हाई."

ज्वारी काढून झाली तेव्हा बदनापूरला बाजाराच्या मैदानात पिक्चरचा तंबू लागला. आणि पिक्चर तेच! दवंडीतच पुलावरच्या उडीचं सांगितलं. गावातल्या सगळ्या बैलगाड्या निघाल्या. नाम्याला बघायला नव्हे, नाम्या खोटं बोलला हे बघायला.

आता तंबूतली बसायची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तंबूच्या मधोमध पडदा बांधलेला असायचा. एका बाजूला मशीन आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या मागे, आम्ही बाया. मधून कापडाची कनात, इकडचं माणूस तिकडे दिसायला नको म्हणून. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर पाणी मारायचे. ओल्या कापडातून उजेड इकडे येई आणि आम्हाला तेच चित्र मागून दिसे, फक्त उलटं. उजवा हात तो डावा. अक्षरंही उलटी. मला वाचता येत असून पिक्चरचं नाव काही वाचता आलं नाही.

बराच वेळ मारामाऱ्या झाल्या. मग रेल्वे आली. पूल आला. टपावर एक माणूस धावत आला आणि कडेला उभा राहिला.

पाठमोरा असणार, असं मला ठाऊक होतं. पण तो पाठमोरा नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. गाल बसलेले, कपाळावर केस, आणि ओठांतून जीभ बाहेर! हसत होता. आणि मला एकदम वाटलं, अरे, हे असे दिसतात होय? खरं सांगते, तोवर यांचं तोंड असं समोरून, उजेडात मी पाहिलंच नव्हतं. घरात वडीलधारी माणसं, माझी मान सदा खाली. यांच्या मागून चालताना पाठ काय ती पाहिलेली. त्यामुळे हे तेच, असं छातीठोक सांगणारी मी कोण!

पण माझ्या शेजारी ताडकन आत्याबाई उठल्या आणि ओरडल्या, "नाम्या, मुडद्या, जीभ आत घे! चावशील!"

पडद्यातल्या माणसाने उडी मारली.

आत्याबाई असं का ओरडल्या ते गावाला ठाऊक होतं. लहानपणी विहिरीत उडी मारताना यांची जीभ बाहेर यायची. एकदा चावली होती, तर चार दिवस नुसतं ताक प्यायले होते. इकडे बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. "नाम्याच हाय गं! जीभ बघितली का?" कोंडाबाई सगळ्यांत मोठ्याने. पडद्यापलीकडून पुरुष ओरडत होते, "गप बसा गं! काय झालं?" तंबूवाला शिट्टी फुंकत होता. पुढचं पिक्चर कुणी पाहिलंच नाही.

बाहेर मामंजी गाडीपाशी उभे होते. तोंड उतरलेलं. "चला," म्हणाले. "पाठ दिसली. पाठ काय, कुणाची बी असंल."

"पाठ?" आत्याबाई म्हणाल्या. "अवो, तोंड दिसलं की! चांगलं हसत व्हता."

"तोंड कुठलं! बिलकुल न्हाई. पाठ करून उभा राह्यला अन् गेला खाली."

सगळे गाडीवान पाठच म्हणाले. सगळ्या बाया तोंडच म्हणाल्या. ओढ्यापर्यंत भांडण चाललं. शेवटी आत्याबाईंनीच निकाल दिला. "ह्याच्यात भांडायचं काय? तुम्ही पुढून बघत व्हता, तर तुम्हाला पाठ दिसली. आम्ही मागून बघत व्हतो, तर आम्हाला तोंड दिसलं. दारात माणूस उभा राह्यला तर घरातल्याला तोंड दिसतं अन् रस्त्यावरच्याला पाठ. तसंच हे."

झालं! सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. त्यात नवल काही आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. फक्त मामंजी अडून बसले. "मी म्हणलो व्हतो, मला दिसलं पायजे. तुम्हाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तंबूवर मशीनवाल्या ऑपरेटरला भेटायला निघाले. आत्याबाई म्हणाल्या मीही येते, आणि मलाही गाडीत बसवलं. ऑपरेटर जालन्याचा, वयस्कर मुसलमान माणूस, मेंदी लावलेली दाढी. पिंपावर बसून चहा पीत होता. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने बशी खाली ठेवली.

"अम्मा, ऐसा नहीं होता. कापड एक, चित्र एक. इधरसे पाठ तो उधरसे बी पाठ. नुसतं डावं-उजवं बदलतं."

"मंग आम्हाला तोंड कसं दिसलं?"

"और हीरो का मुँह? वो किधरसे दिख्या तुमकू?"

आत्याबाई म्हणाल्या, "त्याचं बी तोंडच दिसलं."

"हमकू बी मुँहच दिख्या. तुम्हारे हिसाब से तुमकू उसकी पाठ दिखना था ना?"

तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, कोंबड्या फिरत होत्या, आणि मला थंडी वाजली. खरंच की. बाकी सगळ्या पिक्चरमध्ये ज्याचं तोंड त्यांना दिसलं त्याचं तोंडच आम्हाला दिसलं होतं, ज्याची पाठ त्याची पाठच. फक्त त्या एका उडीला...

ऑपरेटरने डब्यातून पट्टी काढली आणि उन्हात धरली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. रेल्वेचा टप आणि त्यावर पाठमोरा माणूस. पाठ, पाठ, पाठ. मग नदी.

आत्याबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही सुलटी धरली. जरा उलटी करा."

त्याने उलटी केली. पाठच.

"आता?"

"पट्टी लहान हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पडद्यावर मोठं दिसतं."

ऑपरेटरने मामंजींकडे पाहिलं. म्हणाला, "पाटील, तीस गाव फिर्‍या मैं ये मशीन लेके, ऐसा कबी नहीं हुआ. पर अम्मा झूठ नहीं बोल रही. एक काम करो, आज पीछे बैठ के देखो."

मामंजी बायांत बसणार! ते तरातरा चालत गाडीत येऊन बसले. अर्ध्या वाटेत बैलांकडे बघत म्हणाले, "घोंगडी आणली का?"

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं परत तंबूत. मामंजींनी घोंगडी डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत ओढलेली. आत्याबाईंनी त्यांना कोपऱ्यात खांबाला टेकवून बसवलं आणि पुढे स्वतः बसल्या. गावातल्या बऱ्याच बाया पुन्हा आल्या होत्या, नाम्याची जीभ बघायला. कोंडाबाईंची नजर कोपऱ्यात गेलीच.

"ही उंच बाई कोण गं?"

"माझी भयीण. भोकरदनची," आत्याबाई म्हणाल्या.

"भयीण का? मिशा कशा काय आल्या तिला?"

"तिकडचं पाणीच तसं हाय. गप बस अन् पिक्चर बघ."

मी सासऱ्यांसमोर म्हणून पदर छातीपर्यंत ओढून बसले होते. जाळीतून बघावं तसं पदरातून बघत होते. मनात एकच... आज दिसू दे. एकदा यांना दिसू दे.

रेल्वे आली. पूल आला. माणूस धावत आला आणि कडेला उभा राहिला.

पाठ.

मी पदर सारला. रीत गेली चुलीत. डोळे फाडून पाहिलं. पाठच होती. बाया कुजबुजल्या, "अगं बाई, आज पाठ का?" संपलं, मी मनात म्हटलं. काल काय दिसलं ते दिसलं, आता जन्मभर शेण थापायचं.

आणि तेवढ्यात कोपऱ्यातली भोकरदनची बहीण घोंगडी फेकून उभी राहिली. "आरं नाम्या!" मामंजींचा आवाज, शेतातून गडी हाकारावा तसा. "आरं पोरा, किती वाळलास रं!"

मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "पाटील! तुम्ही तिकडं कुठं बसले?" आणि असा हशा उठला की काय सांगू. ऑपरेटरने मशीन थांबवली. इकडे बाया पदर सावरत हसत होत्या. कोंडाबाई म्हणत होत्या, "भयणीला धरा, भयणीला धरा!" मामंजींना कशाचंच भान नव्हतं. ते पांढऱ्या पडद्याकडे बघत डोळे पुसत होते.

घरी येताना गाडीत ते आत्याबाईंना म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलत नसत. "पोराचे गाल पार बसलेत. हॉटेलात खाऊन राह्यला असंल. हिला सांग, भांडी काढून ठेव. नाम्याला जल्दी निरोप धाडतो."

आत्याबाईंनी हळूच विचारलं, "जीभ दिसली का तुम्हाला?"

"दिसली," मामंजी म्हणाले आणि बैलांना हाकारलं.

त्या दिवशी बायांना पाठ दिसली आणि एकट्या मामंजींना तोंड. कदाचित त्यांना दिसलं नसेल, काल आमचं ऐकून वाटलं असेल, असं कुणी म्हणेल. मीही ते म्हणून पाहिलं. पण गाल बसलेले आहेत हे आदल्या दिवशी मी पाहिलं होतं आणि कुणालाही बोलले नव्हते. आत्याबाईंनी तर जीभ आणि हसू यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

निरोप गेला, हे आले. अंगणात पाय ठेवल्याबरोबर मामंजींनी यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. गाल तसेच होते. "बस जेवायला," एवढंच म्हणाले. आत्याबाईंनी कांदा-भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला तर यांनी ठेचा बाजूला सारला.

"का रे?"

"तोंड आलंय जरा."

"जीभ दाखव."

यांनी दाखवली. टोकाजवळ बुजलेला चावा. त्या पुलावरच्या उडीला चावली होती म्हणे, नंतर त्याच जागी पुन्हा एकदा. "तुला कुणी सांगितलं?" हे विचारत राहिले. आत्याबाई दही आणायला आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता.

मामंजींनी बोलल्याप्रमाणे स्वतः गाडी जुंपली आणि आम्हाला बदनापूर स्टेशनावर सोडलं. कोंडाबाईंनी वाटेसाठी दशम्या दिल्या होत्या. डब्यात गर्दी नव्हती. गाडी हलली, स्टेशन मागे पडलं, आणि मग मी यांना सगळं सांगितलं. इतकं सलग मी कुणाशीच कधी बोलले नव्हते. हे ऐकत होते, मधेच खिडकीबाहेर बघत होते.

मी विचारलं, "उडीच्या आधी तुम्ही हसत होता का?"

"हौ. हसत व्हतो."

"का?"

"कॅमेरा माझ्या मागं टपावर. डायरेक्टर मागं, हीरो मागं, सगळी माणसं मागं. म्होरं नुसती नदी अन् रान. तिकडून मला बघणारं कुणीच नव्हतं. म्हणून तर हसलो... न्हाईतर हसू देत्यात व्हय?"

"होतो की आम्ही," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. मीही मान खाली घातली नाही. समोरून, उजेडात, पुढचं स्टेशन येईपर्यंत.

पुढे यांनी खूप उड्या मारल्या. मुंबईत मी यांची कितीतरी पिक्चरं पाहिली. तिथे सगळे एकाच बाजूला बसतात, आणि दर वेळी पाठ दिसली, नुसती पाठ. ऑपरेटर म्हणाला ते खरं आहे, पट्टीवर तोंड नव्हतंच. आत्याबाईंनी पाहिलं तेही खरं. विषय निघाला की हे अजून म्हणतात, तिकडे कुणी नव्हतं. मी म्हणते, आम्ही होतो. यावर आमचं कधी भांडण होत नाही. दोघांचंही खरं आहे, आणि ते कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.